अपेक्षित पगार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई मागे उभी असते, म्हणून लिहिते. तुझ्या शहरातल्या एका दातांच्या लॅबमध्ये मी अर्ज केलाय. इथल्यासारख्या कवळ्या नाहीत, नुसतं पोर्सिलेनचं काम. दाताचा रंग जुळवायचा, थर चढवायचे. पंधरा तारखेला व्हिडिओवर मुलाखत आहे.

त्याआधी एक फॉर्म भरून द्यायचाय, त्यात एक चौकट आहे, ‘अपेक्षित पगार’. तिथे काय लिहू गं? इथे बसून तिथल्या भाड्याचा अंदाज कसा यावा? जास्त लिहिलं तर हावरट दिसेन, कमी लिहिलं तर फसेन. मुलाखतीत आपणहून विचारलेलं चालतं का? तुमच्याकडचा व्हिसाचा नियम असा आहे, की पगार ठरावीक रकमेच्या वर असेल तरच छकुलीला सोबत आणता येईल. सहा वर्षांच्या पोरीला आजीजवळ ठेवून येणं मला जमायचं नाही.

तुला अकरा वर्षं झाली तिथे. तुला किती मिळतो ते विचारत नाही. (विचारलं तर सांगशील?)

माया आहे तशीच राहू दे.
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आनंद झाला. आधी सांगायला हवं होतंस, पण असो. तुझं सगळं ठरल्यावरच मला कळतं.

चौकट रिकामी सोड. पगाराचा विषय काढूच नकोस. लांबून अर्ज करणाऱ्याने पैशांची भाषा केली, की इथले लोक कागद बाजूला सारतात. देतील ते घ्यायचं. मीही विचारलं नव्हतं. छकुली राहील वर्षभर आजीजवळ, मुलं रुळतात.

आणि खरंच यायचंय का, याचाही विचार कर. आमच्या लॅबला खिडकीसुद्धा नाही. तुझं तिथे छान चाललंय. आईच्या प्रत्येक फोनमध्ये तुझ्या हाताचं कौतुक असतं. मेणाचा पहिला दात तू माझ्या टेबलावर कोरलास, हे मात्र ती विसरलीय.

आशीर्वाद आहेतच.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि नाहीही ऐकलं. चौकट रिकामी सोडली. मॅनेजरबाईंनी तासभर कामाचं विचारलं, मी केलेल्या दातांचे फोटो मोठे करकरून बघितले. शेवटी म्हणाल्या, काही विचारायचंय का. छकुली दाराआड उभी होती. तिच्याकडे बघून मला राहवलं नाही. या कामाला किती देता, कर कापून हातात किती येतात, तिकिटाचा खर्च कोणाकडे, सगळं विचारून टाकलं. आवाज इतका कापत होता, की त्यांना वाटलं लाइन खराब आहे.

रागावल्या नाहीत गं! उलट म्हणाल्या, बरं झालं विचारलंत, लांबून येणारे आधी विचारत नाहीत आणि तीन महिन्यांत सोडून जातात. त्यांनी सांगितलेला आकडा छकुलीसाठी थोडा कमी पडत होता. तसं स्पष्ट सांगितलं, आठ वर्षांच्या अनुभवाची आठवणही करून दिली. दोन दिवसांनी वाढवून पत्र आलं! प्रत सोबत जोडलीय. तुझ्यापासून काय लपवायचं?

खरं सांगू? तू पांढऱ्या कोटातला पहिला फोटो पाठवलास ना, तेव्हा मी जळून खाक झाले होते. आता फिटंफाट!

लवकर लिही, वाट बघतेय.
तुझी ठमी

११ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तीन आठवडे तुझा फोन उचलला नाही. कामात वगैरे नव्हते. ती प्रत मी लॅबच्या कपडे बदलायच्या खोलीत वाचली. तो आकडा माझ्या पगाराच्या जवळजवळ दीडपट आहे. अकरा वर्षांनंतर! त्या दिवशी माझ्या हातून दोन दात तडकले. तुझं अभिनंदन करायला फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे.

त्याहून वाईट सांगायचंय. मी तुला खोटं सांगितलं. गेल्या वर्षी दुसऱ्या देशातली एक मुलगी आमच्याकडे लागली. मुलाखतीआधी तिने मला पत्र पाठवून हेच विचारलं होतं. तिला मी सांगितलं, आधी विचार, लेखी घे. परकीला सांगितलं आणि तुला नाही. तू माझ्या शहरात, माझ्याच कामात, माझ्या वर जाशील हे मला बघवेना. ‘परदेशातली’ ही घरात माझी एकटीची जागा होती. छकुली मागे राहील, हे कळत असूनही तसं लिहिलं.

सोमवारी मालकांच्या खोलीत गेले आणि पगार वाढवा म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, की इतकी वर्षं बोलला का नाहीत. मग वाढवला. तरी तुझ्यापेक्षा कमीच आहे, आणि ते अजून खुपतंय.

लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही.
ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला दाखवलं नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्यावर जळलीस त्याचं काही नाही, तुझ्यावर मीही जळलेय. छकुलीला मध्ये आणायला नको होतंस. तू लिहिलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं, हेही समजतंय. पण राग जात नाही.

दोन मेला सकाळी आम्ही दोघी उतरतोय. तुझ्याकडे राहणार नाही, लॅबने खोली दिलीय. विमानतळावर मात्र ये. मी बोलेन न बोलेन. छकुलीला यातलं काही माहीत नाही, आणि तिने अजून मावशी प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

ठमी