वरच्या आणि खालच्या कॅसेटी

मी, खाली सही करणार मंगलाबाई रामदास बैसाणे, वय बासष्ट, धंदा पूर्वी लूमच्या कारखान्यात कांड्या भरणे, हल्ली घरी बसून सगळ्यांच्या कामात चुका काढणे, राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी अक्कल शाबूत आहे. नसती तर दोनशे तीन कॅसेटींच्या तारखा मला तोंडपाठ नसत्या. या परिच्छेदाच्या सुरुवातीचा ‘खाली’ हा शब्द मराठी आहे आणि त्याचा अर्थ ‘या कागदाच्या तळाशी’ एवढाच आहे, याची चिरंजीव हितेश याने नोंद घ्यावी. कारण पुढे येईलच.

येत्या सोमवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाले. पण ते त्यांनी दोनदा म्हटलं, म्हणून मी घरी येताना कागद विकत घेतले. वकील मगनभाई यांनी गुजरातीत नमुना करून दिला होता. त्यात घर होतं, पासबुक होतं, मी कुठेच नव्हते. मी सातवीला आमच्या साक्री तालुक्यात केंद्रात पहिली आलेली आहे, तेव्हा मराठीत मीच लिहायला बसले. मगनभाईंनी पहिली दोन पानं हितेशकडून वाचून घेतली आणि म्हणाले, “बेन, आटलुं बधुं ना लखाय,” म्हणजे एवढं सगळं लिहायचं नसतं. मी म्हटलं, मरणार कोण आहे, तुम्ही का मी? त्यावर ते चहा प्यायले.

१. डिंडोलीचं घर, खालच्या दोन खोल्या आणि वरचं पत्र्याचं, हे माझे पती कालकथित रामदास यांनी माझ्या नावावर केलेलं आहे. ते मुलगा हितेश आणि सून स्वप्ना या दोघांच्या नावावर व्हावं. स्वप्नाचं नाव आधी लिहावं. पाणी पहाटे येतं आणि ते तीच भरते.

२. पोस्टातलं पुस्तक नात मयुरी हिच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नाही. लग्नाची वेळ आली आणि शिक्षण संपलं असेल, तर तिने पुढे आणखी शिकावं.

३. पितळी घागर शेजारचे चंदूभाऊ यांना द्यावी असं मी आधी लिहिलं होतं. पण त्यांना साक्षीदार केलंय, आणि मगनभाई म्हणतात की ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये, मागून भांडणं निघतात. तेव्हा घागर घरातच राहील. चंदूभाऊंनी राग मानू नये. ती तशीही गळते.

४. आता मुख्य मालमत्ता.

आमच्या खोलीत पलंगाखाली लोखंडी पेटी आहे. तिच्यात निंबा खैरनार यांच्या गाण्याच्या दोनशे तीन कॅसेटी आहेत. दुकानात मिळणारी त्यातली एकही नाही. ज्यांना निंबा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा आमच्या धुळ्याकडचा माणूस, गळ्यात विजेची गिटार, एका बाजूला संबळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी ढोल, आणि गाणं आमच्या अहिराणीत. एकोणऐंशीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला उधन्याच्या मैदानात तो पहिल्यांदा आला तेव्हा म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. आमच्या ह्यांनी मात्र माझ्या हातातला भजीचा पुडा स्वतः संपवला आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

कंपनीने निंबाच्या तीन कॅसेटी काढल्या. त्या मी एकदा ऐकल्या. ‘माले’चं ‘मला’ केलं होतं, ‘तुले’चं ‘तुला’, आणि अर्ध्या तासाचं गाणं चार मिनिटांत बसवलं होतं. इस्त्री करून घडी घातल्यासारखं गाणं. त्या कंपनीच्या साहेबांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, माफीसुद्धा नाही. निंबा मैदानात उभा राहिला की समोर कोण बसलंय ते बघून नवं कडवं जोडायचा. लूमवाले असले तर लूमचं, रेल्वेवाले असले तर रुळांचं. ते कडवं त्या दिवशीचं, पुन्हा व्हायचं नाही. ते कोणीतरी धरून ठेवायला पाहिजे, असं मला वाटलं. दुसऱ्या कोणाला वाटत नव्हतं, म्हणून मी धरलं. टेपरेकॉर्डर डब्याच्या पिशवीत, वर दोन भाकरी. बाईच्या डब्याची झडती कोणी घेत नाही.

काही कॅसेटी स्टुडिओतल्या आहेत. तिथे चहा देणाऱ्या पार्वतीबाई टाकून दिलेल्या टेप माझ्यासाठी उचलून ठेवायच्या. त्यात निंबा खोकतो, शब्द विसरतो, ढोलवाल्याला म्हणतो, “तू वाजाडी ऱ्हायना का दार ठोकी ऱ्हायना?” मला त्या फार आवडतात.

कॅसेटींवर तारीख, गाव आणि एक शब्द लिहिलेला आहे: ‘वर’ किंवा ‘खाली’. ‘वर’ म्हणजे स्टेजवरून, प्रमोदच्या मशीनला वायर जोडून घेतलेली. प्रमोद अहिरे यांचा डिंडोलीत मंडप-माइकचा धंदा आहे. ते आमच्या ह्यांचे दोस्त. स्वतःही निंबाच्या टेप जमवतात, पण गाण्यांच्या मधलं बोलणं कापून टाकतात. यावरून आमचे दहा वर्षं कडाक्याचे वाद झाले, आणि प्रत्येक वादानंतर ते इथेच जेवले. ‘खाली’ म्हणजे जिथे वायर मिळाली नाही तिथे खाली, लोकांत बसून भरलेली.

५. आता हितेश. माझा मुलगा गुणी आहे. चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये लोक भांडी घेऊन गाडीत चढले, तेव्हा ही पेटी डोक्यावर घेऊन तो नंदुरबारपर्यंत दारात उभा होता. हे त्याच्या खात्यात आहे. पण तो गुजराती शाळेत शिकला. एकोणनव्वद साली त्याने पेटी उघडली, अकरा कॅसेटींवर ‘खाली’ वाचलं, आणि त्याला वाटलं, कोऱ्या आहेत. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. हिंदीतही तेच. आमच्या घरातला डबासुद्धा ‘खाली’ होतो, हे मी कबूल करते. पण कॅसेटीवर गावाचं नाव आणि तारीख घालून कोणी रिकामं ठेवतं का, एवढं विचारायला काय झालं होतं?

त्याने त्या अकराही कॅसेटींवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली आणि कोसाडच्या एका मुलीला भेट दिली. मी तीन महिने त्याच्याशी बोलले नाही. जेवायला वाढायचे, बोलायचे नाही. मग त्या मुलीशी त्याचं लग्न झालं, आणि तिच्यासमोर अबोला धरणं बरं दिसेना. ती मुलगी म्हणजे आमची स्वप्ना. तिच्या माहेरचे लोक विदर्भातले. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

६. हे कलम लिहायला मी चार दिवस घेतले.

पुसलेल्या अकरांपैकी एक कॅसेट चौऱ्याऐंशीच्या इच्छापोरची होती. कंत्राटी कामगारांचा मेळावा, पायऱ्यांवर बायका बसलेल्या, काहींच्या मांडीवर पोरी. निंबाने त्यांच्याकडे बघून उभ्या उभ्या एक पूर्ण गाणं जोडलं, लेकीचं. पुन्हा कधी गायलं नाही. त्यालाच आठवेना.

त्र्याण्णव साली निंबा स्वतः माझ्या दारात आला. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज गेलेला. बसला, पाणी प्यायला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “बाई, मन्हं गानं माले आयकाड. इच्छापोरनं.” हितेश समोरच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. आणि मी म्हटलं, “ती कॅसेट माझ्याकडे नाही. प्रमोदकडे आहे.”

हे खोटं होतं. का बोलले ते मला तेव्हाही माहीत होतं. या माणसाने माझ्या मुलाकडे गाणं पुसणारा म्हणून बघू नये, एवढंच. निंबा प्रमोदकडे गेला. तिथे काय झालं ते मला कळलं नाही, पण त्यानंतर निंबा गावोगाव सांगत फिरला की प्रमोद अहिरे माझं गाणं दाबून बसलाय. जयंतीची, लग्नाची, आपल्या लोकांची किती कामं प्रमोदच्या हातून गेली. ते माझ्याकडे यायचे बंद झाले. एकदाही विचारायला आले नाहीत. रागाने येत नसतील असं मी धरलं, आणि मला ते सोयीचं होतं. ह्यांच्या पुण्यानुमोदनाला ते आले, मागच्या रांगेत बसले, न जेवता गेले.

तरी जाहीर करते की इच्छापोरची कॅसेट प्रमोद अहिरे यांच्याकडे कधीही नव्हती. ती माझ्या घरात पुसली गेली आणि खोटं मी बोलले. हे कलम बौद्ध विहारात मोठ्याने वाचून दाखवावं, माइकवरून. माइक प्रमोदचाच लावावा.

७. यात एक बरी गोष्ट घडली ती सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी रडत बसली आहे.

गेल्या महिन्यात स्वप्ना कणीक मळताना गुणगुणत होती, “अंधेर उनी, घर भरी गयं.” मी हातातली वाटी बाजूला ठेवली. विचारलं तर म्हणाली, “ह्यांनी दिलेल्या कॅसेटीत आहे ना आई, सगळ्यात शेवटी. सिनेमाची गाणी संपली की एक माणूस गातो. मला तेच जास्त आवडतं. पण अंधार आला आणि घर भरलं, असं का म्हणतो तो?”

कॅसेट काढली. हितेशची सिनेमाची गाणी बाजूच्या शेवटापर्यंत पुरली नव्हती. शेवटची अडीच मिनिटं त्याने पुसलीच नव्हती. निंबा, इच्छापोर, चौऱ्याऐंशी. “आंडेर उनी, घर भरी गयं.” आंडेर म्हणजे आमच्या बोलीत लेक. लेक आली, घर भरून गेलं. विदर्भातल्या मुलीला आंडेर कुठून कळणार, तिने अंधेर ऐकलं आणि आठ वर्षं तसंच गायली. मी तिला अर्थ सांगितला. ती हसली, मग पोळ्या करपल्या. मला मुलगी नाही. मला फार आनंद झाला, एवढंच इथे लिहिते.

त्या अडीच मिनिटांची प्रत घेऊन स्वप्नाने निंबाकडे जावं. माझ्या मरणाची वाट बघू नये, गाडी रोज आहे. तिला गाणं पाठ आहे, निंबाला शब्द हवे असतील तर तिने गाऊन दाखवावं, आणि आंडेरच म्हणावं.

८. पेटी, सर्व कॅसेटी, टेपरेकॉर्डर, तसेच कात्री, ब्लेड, चिकटपट्टी आणि टेप गुंडाळायच्या सात पेन्सिली (तुटलेली टेप मी लूमच्या धाग्यासारखी जोडते, कान लावला तरी जोड कळत नाही) हे सगळं प्रमोद अहिरे यांना द्यावं. अट एकच: मधलं बोलणं कापायचं नाही.

दुरुस्ती. वरचं कलम ८ आज मी बदलते. सकाळी चंदूभाऊंबरोबर निरोप पाठवून प्रमोदला बोलावलं. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. कलम सहा दोनदा वाचलं. मी म्हटलं, “कॅसेटी तुम्हाला ठेवल्यात.” ते म्हणाले, “दुसरा साक्षीदार कोण?” मी म्हटलं, अजून ठरला नाही. तर म्हणाले, “मी होतो, वहिनी.” मी सांगितलं की साक्षीदार झालात तर काही मिळायचं नाही. ते म्हणाले, “कलम तीनमध्ये वाचलं मी. पेन द्या.”

म्हणून कलम ८ मध्ये प्रमोद अहिरे यांच्या जागी स्वप्ना हितेश बैसाणे असं वाचावं. प्रमोद यांनी केव्हाही यावं, ऐकावं, भरून न्यावं, आणि जेवूनच जावं.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन ठिकाणी हसून आणि एका ठिकाणी थांबून पुरं केलं.

ठिकाण: डिंडोली, सुरत
तारीख: १८ सप्टेंबर १९९७

सही: मंगलाबाई रामदास बैसाणे

साक्षीदार:

१) चंदू मोतीराम निकम. सही माझ्यासमोर झाली. घागरीबद्दल राग नाही.

२) प्रमोद दगडू अहिरे. सही माझ्यासमोर झाली. वहिनींनी परवानगी दिली म्हणून चार ओळी लिहितो. एकोणनव्वद साली हितेश इच्छापोरची कॅसेट घेऊन माझ्या दुकानावर आला होता. पुसलेलं गाणं परत येतं का, असं विचारत होता, आणि रडत होता. नाही येत, असं मी सांगितलं. आईला कळलं तर, म्हणाला. मी म्हटलं, माझं नाव सांग, माझ्याकडे आहे म्हण. ते त्याने सांगितलं नाही, पुढे वहिनींनी सांगितलं. निंबाभाऊ आले तेव्हा, माझ्याकडून हरवली, असं मी त्यांना म्हटलं. त्यामुळे कलम सहामध्ये खोटं बोलणारे दोघं आहेत, असं वाचावं. विहारात दोघांचीही नावं घ्यावीत. माइक मी आणतो.