गहू भिजतात तो वेळ

अव्वा, आज दुपारी तुझी हुग्गी आठवली, ती गव्हाची खीर. उद्या सकाळी भवानी पेठेत टांगा फिरेल आणि भोंग्यातून सांगेल, की मोठा पाइप बदलायचा असल्याने नळ तीन दिवस बंद राहतील. तो आकडा माझा आहे. लोक तेवढंच पाणी भरतील.

माझं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातलं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. मोठ्या कागदावर प्रत्येक कामाची एक आडवी रेघ असते, जितके दिवस तितकी लांब. सगळ्यांच्या वर एक जाड रेघ, पुऱ्या कामाची. मी आधी खालच्या रेघांची बेरीज करून वर सहा दिवस लिहिले. साहेब हसले. "अहो, दोन्ही टोकांना दोन टोळ्या एकदम खणतील की. बेरीज कसली करताय, किराणा आणलाय का?" पहिलं काम सुरू होतं तिथून शेवटचं संपतं तिथपर्यंत वरची रेघ ओढायची, एवढंच, म्हणाले. ते बरोबरच होतं. मी रेघा सरकवून एकमेकींच्या खाली आणल्या, तीन दिवस निघाले, काल साहेबांनी सही केली. पाठीवर थापही दिली, आणि ती मला आवडली.

आज रविवार. बायको हंडे घासत होती. किती दिवसांचं भरू, तिने विचारलं. पेपरातून डोकं न काढता मी म्हणालो, पाच.

"काल तर तीन म्हणालात."

पेपर बाजूला ठेवून मी पाच कुठून आले ते शोधू लागलो.

मग हुग्गीचा तो दिवस आठवला. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी घरी आलोय. तुझ्या लेकीला, ताईला बघायला अक्कलकोटचे पाहुणे येणार आहेत, आणि मी तुला न विचारता निरोप धाडलाय की दुपारी जेवायलाच या. मावशी आहे, काकू आहे, इतक्या हातांना हुग्गीचा कितीसा वेळ. तू पातेल्यातला एक दाणा माझ्या बोटांत देतेस. नखाने दबत नाही, टणक आहे.

"हात लागत न्हाईत म्हंजे येळबी लागत न्हाय व्हय रे? गहू भिजत्यात, ते काम न्हाय?"

पाहुणे चहावर बसून राहिले. ताई आतल्या खोलीत नेसून तशीच बसली होती.

वळणावर पाइपामागे काँक्रीटचा ठोकळा ओततात. दोन दिवस तो नुसता घट्ट व्हायचा असतो. त्याआधी पाणी सोडलं तर पाइप सरकतो. तिनाच्या पुढच्या त्या दोन दिवसांत कुणी राबत नाही, टोळीचं नाव लिहायला नाही, म्हणून मी ती रेघच ओढली नाही. की साहेब पुन्हा हसतील म्हणून ओढली नाही? दुपारपासून स्वतःला विचारतो आहे, आणि दरवेळी जे उत्तर सोयीचं तेच पुढे येतं.

टांगा निघायच्या आत साहेबांच्या घरी जायचं ठरवलंय. सही झालेला आकडा बदला, हे वाक्य मनात जुळवून पाहतो. जुळवताना ते इतकं मऊ होतं, की त्यात पाच हा शब्दच उरत नाही.

आत्ता शेजारच्या आजी दारात येऊन गेल्या; काल बायकोने त्यांना तीन दिवसांचं सांगितलं होतं. त्यांच्याकडे दोनच घागरी. "तीन दिसाला पुरंल न्हवं, बाळ?"

माझ्या मागे मोरीपर्यंत भरलेल्या हंड्यांची रांग होती. मी दार थोडं ओढून घेतलं आणि म्हणालो, पुरेल.