कचऱ्यातून काढलेलं पातं

बाबा, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, लेकीच्या गॅरेजमध्ये, टेबल सॉच्या, म्हणजे विजेच्या करवतीच्या, फिरत्या पात्याचा एक दात उडाला आणि मंडळाच्या दिवाळीच्या नाटकासाठी प्लायवूड कापायला आलेल्या गृहस्थांच्या उजव्या डोळ्यात शिरला. डोळा गेला. मला मावशी म्हणतात ते. भिंतीवरचं पातं स्वतःच काढून यंत्राला चढवलेलं, गॉगल खुंटीवर, आणि महाशय पात्यावर वाकून बघतायत!

सगळे जावयालाच बोलले. "दात पडलेलं ब्लेड कोणी भिंतीवर टांगून ठेवतं का?" तो म्हणाला, "मी ते फेकलं होतं. पेपरमध्ये गुंडाळून, टेप लावून. आय स्वेअर." लेक म्हणाली, "फेकायचं ठरवलं असशील, यार. राहिलं असेल." तेव्हापासून तो जेवता जेवता थांबतो. काल मला विचारलं, "आई, मी खरंच विसरलो असेन का हो?" मी त्याला आमटी वाढली.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली म्हणून सुटका नाही. तुमच्या लाकडाच्या वखारीत मी शाळेच्या गणवेशात उभी आहे. पात्याचे दोन दात गेलेत म्हणून मिस्त्री करवत सुरू करायला तयार नाही. तुम्ही म्हणता, "दोन दात गेले म्हणून माणूस जेवायचं सोडतो का?" सगळे हसतात. मिस्त्रीही हसतो, आणि करवत सुरू करतो. त्या दिवशी काहीच झालं नाही, हेच वाईट झालं. नाहीतर तुमचं वाक्य मी शहाणपण म्हणून इतकी वर्षं जपलं नसतं. जावयाने फेकलेलं ते चकचकीत पातं मी कचऱ्याच्या डब्यातून काढलं, पुसलं आणि त्याच्या खिळ्यावर परत टांगलं, तेव्हा हेच पुटपुटले. वर हसलेही.

उद्या विमा कंपनीचा माणूस जबाब घ्यायला येतोय. चूक आपली, असं जावई सही करून देणार आहे. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलणं पाप म्हणून शिकवलं; गप्प बसण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या पळवाटेत मी आठ दिवस बसून आहे. तो चिडला तर मी सहज सोसेन. पण तो चिडणार नाही. "असू दे, आई," म्हणेल, त्याची मला भीती वाटते.

तेव्हा खुलासा तुम्ही करा. लेखी हवा, आणि उद्या, सोमवारी, सकाळी नऊच्या आत.