पहिला डाग बशीएवढा होता

तीर्थरूप दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण आठ दिवस गाडीखाली डोकं घालून कंबर सरळ व्हायला तयार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं पित्त? इकडे सगळे ठणठणीत आहेत, तुझी गाडी सोडून. फोन केला असता, पण तुमचा फोन आधी वहिनी उचलते.

गाडी देताना तू म्हणालास, दहा वर्षं हिला काही होत नाही. झालं काहीच नाही, फक्त गळायला लागली. तिसऱ्याच आठवड्यात घरमालकाच्या नव्या फरशीवर बशीएवढा तेलाचा डाग पडला, पुढच्या आठवड्यात तो ताटाएवढा झाला. घरमालक वर आला आणि म्हणाला, रविवारपर्यंत गळती बंद करा, नाहीतर गाडी इथून हलवा. हलवू कुठे, माझ्या डोक्यावर? गाडी गेली की शिवलेल्या पडद्यांची गाठोडी खांद्यावर घेऊन पुन्हा दोन बस बदलायच्या. ते आता माझ्यानं होणार नाही.

मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली डोकावून म्हणाला, ताई, थेंब पडतो तिथं गळती नसते, तेल वरून निघतं, वाऱ्यानं मागं जातं आणि भलतीकडेच टपकतं. मी म्हटलं, मला तेलाचा प्रवास नको सांगूस, ते निघतं कुठून ते सांग. तर म्हणे इंजिन धुवा, कोरडं करा, वर पावडर मारा आणि गाडी फिरवून आणा, पावडर जिथं भिजेल तिथं गळती. एवढ्यासाठी तुला कशाला बोलावलं, म्हणून त्याला घालवला आणि स्वतःच बसले. इंजिन घासलं, लेकीच्या केस वाळवायच्या मशीननं वाळवलं (ती दोन दिवस बोलत नाही, तेवढीच शांतता), आणि नवऱ्याचा पावडरचा अख्खा डबा त्यावर उपडा केला. मानेपर्यंत पांढरं झालेलं इंजिन थेट तुझ्या मेव्हण्यासारखं दिसत होतं. दोन चकरा मारून झाकण उघडलं, तर एका जागी नाही, वरपासून खालपर्यंत सगळं ओलं!

मेकॅनिकला परत बोलवावं लागलं. (त्याचं हसू मी लक्षात ठेवलंय.) त्यानं तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, तेल दुप्पट भरलंय. मावत नाही म्हणून वाट मिळेल तिथून निघतंय. कोण भरतं?"

मी खालूनच हाक मारली. तिघं आले आणि तिघंही टायरकडे बघत उभे राहिले. नवरा दर रविवारी अर्धी बाटली ओतत होता. लेक कॉलेजातून आली की ओतत होती. आणि सासरे, ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही, ते म्हणाले, "गळलेलं भरायला नको का?" म्हणजे डाग दिसला की हे ओतणार, ओतलं की डाग वाढणार, वाढला की पुन्हा ओतणार. आणि एकमेकांना पत्ता नाही, का, तर मी ओरडेन म्हणून! मी कारण असल्याशिवाय कधी ओरडते का? (कारण रोज असतं, त्याला मी काय करू?)

जास्तीचं तेल काढलं, वरचं पॅकिंग बदललं. रविवारी घरमालकानं स्वतः वाकून बघितलं. एक थेंब नाही. बिचारा हिरमुसला.

वहिनीला नमस्कार, पोरांच्या पाठीत माझ्यातर्फे एकेक धपाटा.

तुझी,
धाकटी

ता. क. गेल्या मंगळवारी मी तुला एक जाडजूड पाकीट टाकलंय. ते उघडू नकोस, तसंच फाड. त्यात नुसती तब्येतीची चौकशी आहे.

ता. क. उघडलं असशील, तर "तुझा डबा परत घेऊन जा" हे रागात लिहिलंय. गाडी न्यायला येऊ नकोस, जेवायला ये. तिसरं पान वहिनीच्या हाती पडलं असेल, तर तिला सांग, ते मी घरमालकाच्या बायकोबद्दल लिहिलंय.

ता. क. तो बशीएवढा पहिला डाग. तेव्हा गाडी गळत नव्हती. "तेल बघत जा" म्हणाला होतास ना? बघत कोण बसतंय, मी सरळ ओतलं, तेही नरसाळ्याशिवाय. निम्मं फरशीवर गेलं. घरात कुणाला माहीत नाही. तिघांनाही मी मोठ्या मनानं माफ केलंय, ते तसंच राहू दे.