तुम्ही आत आला नाहीत

अप्पा, आज बाजारकुणंग गावात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. बायका सकाळपासून रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे नवरे बाहेर फणसाखाली गप्पा मारत बसले होते. मी नर्सच्या कपड्यात दारात उभी राहून त्यांना बोलावत होते. एकही उठत नव्हता. तुमची आठवण आली.

वाडीत कुणी आजारी पडलं की पहिली हाक तुम्हाला यायची. गाडी तेव्हा आपल्यापर्यंत येत नव्हती. तुम्ही बांबूला कांबळं बांधून झोळी करायचात, आणि पुढचा खांदा नेहमी तुमचा. ओढा ओलांडून, जंगलातली चढण चढून डांबरी रस्ता गाठायचा, मग मिळेल त्या जीपनं जोयड्याचा दवाखाना. अवघडलेल्या काकूला नेलंत, साप चावलेल्या शेजारच्या मामांना नेलंत. मामांच्या वेळी मीही बरोबर होते. डॉक्टर बाहेर आले आणि तुमची धाप बघून म्हणाले, "तुम्हीही आत या, बीपी बघतो." तुम्ही टॉवेलानं घाम पुसत हसलात. "मी आणणारा हाय सायेब, पेशंट न्हवं." मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

मग ती सुगी. नर्सिंग शिकून मी सुट्टीला आलेय. तुमचं डोकं बरेच दिवस दुखतंय, आणि चुलीपाशी आई तुमच्या कपाळाला सुंठ उगाळून लावतेय. मी बीपीचं मशीन काढते, आधी आईचं बघते, मग तुमचा हात धरते. तुम्ही तो सोडवून घेता.

"मला काय झालंया? भात कापून हुदे, मग बघू."

"नुसता पट्टा बांधायचा, अप्पा. दुखत नाही."

"दुखायचं भ्या न्हाई गं. कायतरी निघालं म्हंजे? गोळ्या खात बसू? मग झोळीला खांदा कोण देणार?"

मी पुन्हा हात धरला तेव्हा तुमचा आवाज चढला. "शिकलीस म्हणून बापाला आजारी पाडू नगं." आई म्हणाली, जाऊ दे. तुम्ही विळा घेऊन शेतात गेलात आणि मी मशीन पिशवीत घातलं.

त्याच आठवड्यात तुम्ही बांधावर कोसळलात. उजवं अंग गेलं, वाचा गेली. झोळी बांधली ती त्याच मामांनी. सगळ्या वाटेवर तुम्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होतात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बीपीचा त्रास कधीपासून होता?" आई माझ्याकडे बघायला लागली. तुमचं बीपी जन्मात कुणी मोजलंच नव्हतं. तुम्ही घरी परत आला नाहीत.

आज फणसाखाली जाऊन मी हे सगळं त्या माणसांना सांगितलं. एक म्हातारे म्हणाले, "तुझ्या बापाला मी बघितलाय. रेड्यागत माणूस. त्यालाबी हुतं?"

"व्हय आजा. बघितलं न्हाई म्हणून कळलं न्हाई. शेवटी तपासायला तयार झाले होते. सोमवारी येतो म्हणाले होते. त्याच्या आधीच गेले."

मग म्हातारे उठले, त्यांच्या मागून बाकीचे. एकाचं बीपी इतकं वाढलेलं निघालं की डॉक्टरांनी त्याला घरी न सोडता तिथूनच गाडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तो म्हणत होता, मला तर काहीच होत नाही. त्याची बायको गाडीत चढेपर्यंत माझा हात धरून होती.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. सोमवारी येतो असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. प्रत्येक शिबिरात मी हे सांगते. माणसं उठावीत म्हणून सांगते, असं मी स्वतःला समजावते. पण अप्पा, ते वाक्य ऐकायला मलाच बरं वाटतं.