कानबाई आणि अर्धी गोळी

पारोळा, ३ जून ९१

ती. अक्कास, बेबीचा शि. सा. न. वि. वि.

पाळी जाऊन वर्ष झालं, पण आग जाईना. पोळ्या लाटता लाटता मानेपासून टाळूपर्यंत पेटते, हात थरथरतात. परवा शेजारच्या लताबाईंनी ते पाहिलं आणि चट माझ्या पाया पडल्या. सासूबाई म्हणतात, बठ्ठं कानबाईचं शे, देवीची घरावर मर्जी बसली. आता बायका दारात नारळ ठेवून जातात. मला मेलीला फक्त झोप हवी गं!

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
बेबी

धुळे, ९ जून

चि. बेबीस अ. उ. आ.

देवीपण चालून आलं आणि तू झोप मागतेस, वेडी कुठली! अगं, हे वयाचं आहे. माझंही असंच झालं होतं, विझून बारा वर्षं झाली. पहिल्या एस.टी.नं ये, इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू.

घरच्यांना माझं विचारणं सांग.
तुझी अक्का

पारोळा, १८ जुलै

ती. अक्कास सा. न.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या पूर्ण गोळीनं आग विझली, पण छाती दगड झाली, डोकं ठणकलं आणि गेलेली पाळी फिरून आली. सासूबाईंनी मला बाजूला बसवलं, नि देवीला विटाळ झाला म्हणून स्वतःच रडल्या. आता डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळी अर्ध्यावर आणली, दर महिनाअखेरीला जोडीला घ्यायला दुसरी दिली. तर सासूबाई म्हणतात, श्रावणात घरी कानबाई बसेपर्यंत गोळ्याच सोड, तुझ्या अंगात येणं बघायला गाव येणार आहे. काय करू?

उत्तराची वाट पाहते.
बेबी

धुळे, २३ जुलै

चि. बेबीस अ. उ. आ.

सोडल्यास तर गाठ माझ्याशी आहे! अंग तुझं, गावाचं नाही.

लोभ आहे म्हणूनच रागावते.
अक्का

पारोळा, २१ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

अर्ध्या गोळीचं जमलं. आग नाही, झोप गाढ. रविवारी कानबाई बसली, घर माणसांनी भरलं, डफ वाजला, सगळ्या माझ्याकडे टक लावून. माझं अंग थंडगार. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली, मला मात्र हायसं वाटलं.

तेवढ्यात माझं तोंड आपोआप उघडलं. आवाज माझा नव्हता गं. म्हणाला, इथे आता ऊब नाही, मी धुळ्याला निघाले. लताबाईंच्या हातून ताट पडलं. अक्का, गोळीनं असं होतं का? मी फार घाबरले आहे.

लगेच लिही, तुझ्याशिवाय मला कोण?
बेबी

धुळे, २६ ऑगस्ट

चि. बेबीस अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच लिहायला बसणार होते, धीर झाला नाही. त्याच रविवारी दिवेलागणीला मी एकटी भाजी चिरत होते. तळपायापासून अंग पेटलं. पाठीशी कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर भिंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बासष्टीला हे नव्यानं येत नाही. त्यांनी गोळी लिहून देऊ केली, मी नको म्हटलं.

तू तुझी अर्धी गोळी चुकवू नकोस, निवांत झोप. माझी काळजी नको, मला झेपेल. आणि सासूबाईंना सांग, पोचली.

तुझीच,
अक्का