पंख दोनच होते

नाना, ती माशीच होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

ठाण्याची तुमची मुलींची शाळा. डेपुटीसाहेब तपासणीला आलेले. खिडकीच्या गजावर पिवळ्या पट्ट्यांचा एक किडा मधमाशी धरून बसलाय. साहेब विचारतात, "हे काय हो, मास्तर?" तुम्ही छडीनं तो खाली पाडलात आणि बेधडक म्हणालात, "गांधीलमाशी!" पोरी किंचाळत मागे सरल्या. मी बोरूच्या टोकानं त्याचे पंख पसरले. "नाना, पंख दोनच आहेत. गांधीलमाशीला चार असतात. ही साधी माशीच, फक्त शिकारी." साहेब हसले. तुम्ही लालबुंद झालात. घरी आल्यावर आईच्या देखत म्हणालात, "चारचौघांत बापाचं नाक कापलंस! उद्यापासून शाळा बंद. चुलीपुढे बस." बसले. हातात फुंकणी, डोळ्यांत धूर आणि मनात जळफळाट. अहो, पंख मोजायला मला शिकवलं कुणी होतं?

आज कल्याणला, सासरच्या अंगणात, वाळवणाच्या काठीवर तसलीच एक येऊन बसली. झेप घेते, उडता किडा धरते आणि पुन्हा त्याच टोकावर येते. मी लेकीला हाक मारली, "अगं, नीट बघ." ती वाकून बघते आहे आणि सांगते आहे. दोन डोळ्यांच्या मधे खळगा, तोंडावर दाढीसारखे केस, खाली टोचायची सोंड, पाय राठ केसांचे. "आणि आई, पंखांच्या मागे बारीक गाठी आहेत!" त्या गाठी तर मलाही तेव्हा दिसल्या नव्हत्या. पोर माझ्या पुढे गेली, नाना.

आता ह्यांचंही म्हणणं, हिची शाळा पुरे. मी स्पष्ट सांगितलं, "मी जिवंत आहे तोवर ती जाणार." घरात अबोला आहे. असू दे की! तुमच्यापुढे गप्प बसले तेवढं बस झालं. उद्या सकाळी तिची वेणी घालून मीच तिला शाळेच्या दारात सोडणार आहे.

हा कागद संध्याकाळी चुलीत जाईल. पण एक कबूल करते. लेकीनं विचारलं, "आई, तुला हे सगळं कुणी शिकवलं?" तुमचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. तरी तोंडातून निघालंच, "तुझ्या आजोबांनी." आणि मग कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत बसले. चूल अजून पेटायची होती.